लल्ला बतूलचा आठचा फोन

या, जरा पुढे सरका. उंबऱ्यापाशी काय बसता, चटई मोकळी आहे. पुदिना किटलीत मुरायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगते. आमच्या जावियात, म्हणजे सूफींच्या मठात, दर गुरुवारी सी तिहामी गाऊन प्रवचन करतात. त्यांच्या गोष्टीत समुद्र दुभंगतो, आंधळ्याला दिसू लागतं. माझ्या गोष्टीत तसलं काही नाही. एक फोन आहे, तो उचलणारी एक मुलगी आहे आणि एक घड्याळ आहे, जे तासभर मागे राहिलं. अल्लाहने माझ्या पदरात एवढीच टाकली, एवढीच सांगते.

मुलीचं नाव सिहाम. सला शहराच्या बाहेर, नदीपलीकडचं रबात दिसतं त्या बाजूला आमचं ऑफिस. तिचं टेबल माझ्या शेजारी. दोघींचं काम एकच, टेस्टिंग. दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी आपण वापरून बघायचं. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे लिहायचं. शेवटच्या दोन गोष्टी जुळल्या तर पास. नाही जुळल्या तर बग, म्हणजे चूक. मग ती चूक माणसाला किती लागते आणि किती घाईने काढायची, हे वेगवेगळं ठरवायचं. दवाखान्याच्या पाटीवर नाव चुकलं तर कुणी मरत नाही, पण काढायची घाई असते. उलटंही असतं.

सिहामच्या आईला, लल्ला बतूलला, हे काही केल्या पटायचं नाही.

"म्हणजे तू दिवसभर करतेस तरी काय?"

"लोकांच्या चुका काढते, आई."

"आणि त्याचा पगार देतात? तुझ्या आत्या आयुष्यभर फुकट काढत आल्या."

त्या वर्षी आम्ही जे तपासत होतो ते म्हाताऱ्या माणसांसाठी होतं. शहरातले काही दवाखाने मिळून एक सोय करणार होते: रोज ठरल्या वेळी पेशंटला फोन जायचा, यंत्रातली मुलगी नाव घेऊन सांगायची की औषधाची वेळ झाली, घेतलं असेल तर एक दाबा. तपासताना खऱ्या पेशंटला त्रास द्यायचा नसतो, म्हणून यंत्रात खोटी माणसं भरतात. आमच्याकडे पेशंट एक, पेशंट दोन, पेशंट अमुक अशी ढीगभर होती. त्यांचे फोनही खोटे, उचलणारंही यंत्रच. सगळे रोज वेळेवर गोळी घ्यायचे. इतके गुणी म्हातारे मी आमच्या गल्लीत पाहिले नाहीत.

सिहामने त्या गर्दीत आपली आई घातली. खरं नाव, खरा नंबर, रक्तदाबाची खरी गोळी, सकाळी आठ.

आमचे साहेब सी अन्वर म्हणाले, "सिहाम, टेस्टमध्ये खरी माणसं घालत नाहीत."

"सी अन्वर, यंत्र यंत्राला नेहमी हो म्हणतं," ती म्हणाली. "माझी आई कुणालाच हो म्हणत नाही."

साहेब हसले आणि लल्ला बतूल राहिली.

पहिल्याच दिवशी तिने दुपारी ऑफिसात फोन केला. सिहामने स्पीकरवर घातला, मुद्दाम, बद्रला ऐकू जावं म्हणून. ही सगळी व्यवस्था बद्रने लिहिलेली. पोरगा हुशार, पण त्याचं एक पालुपद होतं: माझ्या कॉम्प्युटरवर तर चालतं.

"तुमची ती मुलगी," लल्ला बतूल सुरू झाली, "बस सुटत असल्यासारखी बोलते. आणि मला नुसतं बतूल म्हणते! मला नुसतं बतूल म्हणायचा हक्क माझ्या आईला होता आणि नवऱ्याला. दोघंही कबरीत आहेत. त्या पोराला सांग, ज्याला लल्ला म्हणता येत नाही त्याच्या हातून मी गोळी घेत नसते."

बद्र पोट धरून हसला. "खाल्ती," तो मला म्हणाला (ऑफिसातली पोरं मला मावशी म्हणतात), "हा बग आहे की अपमान?"

"दोन्ही," मी म्हटलं. "लिही."

लागते थोडी, घाई बरीच, असं सिहामने लिहिलं. दोन-तीन दिवसांत यंत्र आदराने बायकांना लल्ला आणि पुरुषांना सी म्हणू लागलं. ते ऐकून दवाखान्याचे डॉक्टर इतके खूश झाले की बद्र आठवडाभर छाती काढून फिरत होता, जणू लल्ला हा शब्द त्यानेच शोधला.

लल्ला बतूलच्या आणखी एका बोलण्यावरून सिहामने बग लिहिला होता. त्याचं पुढे काम आहे म्हणून सांगते. एकदा जेवताना सिहामने विचारलं, आई, एक दाबतेस ना? तर म्हणाली, "दाबते की. आधी दाबते, ती गप्प बसावी म्हणून. मग गोळी घेते." आणि थोड्या वेळाने, ब्रेड मोडता मोडता, "बहुतेक."

सिहामने दुसऱ्या दिवशी लिहिलं: एक दाबलं म्हणजे औषध घेतलं असं नाही. सी अन्वर म्हणाले, बरोबर आहे, पण हे काम मोठं, पुढच्या खेपेला बघू. तो बग उघडाच राहिला. आमच्या धंद्यात दोन प्रश्न असतात. सांगितलं तसं बनवलंय का, हा एक. आणि जे बनवलंय ते माणसाच्या उपयोगाचं आहे का, हा दुसरा. पहिल्याला आमचे सगळे खोटे पेशंट मिळून उत्तर द्यायचे. दुसऱ्याला एकटी लल्ला बतूल.

रमजान तोंडावर आला असताना ती गेली. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, खाली आली, म्हणाली दम लागला, आणि बसली ती बसलीच. इन्ना लिल्लाह. आम्ही सगळे गेलो. दारात खुर्च्या, आत बायका, कुराण म्हणणारे आले, शेजारणींनी कुसकुसचे थाळे पाठवले. सिहाम प्रत्येकीला एकाच आवाजात म्हणत होती, अल्लाह तुमचं भलं करो. रडली नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिने तो हात हातात घेऊन माझ्या मांडीवर परत ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

मग ती कामावर आली. यायची, बसायची, तपासायची. चूक एक नाही. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, पण उत्तर द्यायला ती कुठून तरी चालत यावी इतका वेळ लागायचा. बद्रने एकदा गंमत केली, तर म्हणाली, "हो, गंमत आहे." तेव्हापासून बद्रने गंमत करणं सोडलं.

रमजानात आमचं सरकार घड्याळ एक तास मागे घेतं, ईद झाली की पुन्हा पुढे करतं. उपास धरणाऱ्याला संध्याकाळ लवकर मिळावी म्हणून. बद्रने यंत्राचं घड्याळ मागे घेतलं आणि सकाळच्या गोळ्यांचे फोन उपास सुटल्यानंतर ठेवले. सगळं पास.

एका संध्याकाळी मी सिहामला घरी उपास सोडायला बोलावलं. अजान झाली, खजूर तोंडात टाकले, मी हरीऱ्याचं गरम सूप वाढलं. तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. तिचा नेहमीचा नव्हता, बटणांचा जुना होता. तिने कानाला लावला, एक बटण दाबलं, फोन परत ठेवला आणि चमचा उचलला. मला वाटलं, बहिणीचा असेल. मी विचारलं नाही.

त्या गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर मी तिला जावियात घेऊन गेले. तिच्या आईची जागा खांबापाशी ठरलेली होती, ती बायकांनी आपणहून मोकळी ठेवली. सी तिहामींनी नफ्फारची गोष्ट लावली. रमजानात पहाटेच्या आधी लांब तुतारी फुंकत गल्लीगल्लीतून जाणारा तो नफ्फार, सगळ्यांना न्याहारीला उठवणारा. सी तिहामी गात होते, मागे चार जण सूर धरत होते.

"एका दारी म्हातारी होती, ती गेली. तरी हा रोज त्या दारी थांबतो, रोज फुंकतो. लोक म्हणाले, अरे, कुणाला उठवतोस? दाराला? तर म्हणतो, मी थांबलो तर गल्लीला कळेल की ती गेली."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही रडले, खोटं कशाला बोलू. सिहामचे डोळे कोरडे. ती हळूच उठली, माझ्या कानाशी म्हणाली, "ब्रेड घ्यायचाय, दुकान बंद होईल," आणि गेली. गोष्टीचा उरलेला भाग तिने ऐकला नाही. तो पुढे सांगते.

ईद झाली. बद्रने सकाळच्या गोळ्यांचे फोन पुन्हा सकाळी आणले. रविवारी घड्याळं पुढे गेली. सोमवारी आम्ही कामावर आलो. त्याच आठवड्यात गुरुवारी हे सगळं दवाखान्यांच्या हवाली करायचं होतं, खऱ्या माणसांना फोन सुरू व्हायचे होते. त्यांत इन्सुलिनवाले बरेच होते, सुई टोचून मगच न्याहारी करणारे. शेवटची सही सिहामची. तिने पास म्हटलं की सी अन्वर दवाखान्यांना होकार कळवणार.

खोलीत नेहमीचा आवाज होता. बद्र काहीतरी खात होता. आणि सिहामच्या टेबलावर तो बटणांचा फोन वाजला. तिने उचलला. जुना फोन, आवाज बाहेर येणारा. सगळ्या खोलीला ऐकू आलं:

"लल्ला बतूल, सकाळ शुभ असो. गोळीची वेळ झाली. घेतली असेल तर एक दाबा."

सिहामने एक दाबलं.

बद्रचा घास तोंडात तसाच राहिला. सिहामच्या पडद्यावर तिच्या आईच्या नावापुढे हिरवी खूण उमटली: पास.

सी अन्वर दारातच होते, तेही हलले नाहीत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. आणि मी पाहते आहे म्हणून सिहामनेही पाहिलं.

"नऊ," ती म्हणाली.

मग पडद्याकडे पाहिलं. "यंत्र आठ म्हणतंय."

बद्र जागेवरून उठला. "घड्याळ पुढे गेलं नाही? पण... पण टेस्ट तर पास आहे. सगळ्या पास आहेत!"

"टेस्टने वेळ कुणाला विचारली?"

"यंत्राला."

"यंत्राने काय सांगितलं?"

चोराच्या घरची झडती आणि साक्षीदारही चोरच. सगळे खोटे पेशंट यंत्राच्याच घड्याळावर जगत होते, त्यांना काय कळणार? दारात ऊन किती आलं ते बघून "आज तुमची ती यंत्रातली मुलगी झोपून राहिली होती का?" असं विचारणारं एकच माणूस त्या यादीत होतं.

"काल घरीही वाजला," सिहाम म्हणाली. आवाज तसाच, सपाट. "काल मी किती वाजले ते बघितलं नाही. मी बघतच नाही. वाजला की दाबते."

"गुरुवारी हे बाहेर गेलं असतं," सी अन्वर स्वतःशीच म्हणाले.

बद्र तिच्या टेबलापाशी येऊन उकिडवा बसला, लहान भावासारखा. हळू बोलला, पण मी शेजारीच होते. "ख्ती, ताई, ऐक. घड्याळ मी दुपारपर्यंत नीट करतो. ती चूक माझी, माझ्या नावावर लिही. फोन कोण उचलत होतं हे कुणी लिहायची गरज नाही. तुझ्या आईचं नाव राहू दे यादीत. येऊ दे फोन. कुणाचं काय बिघडतं?"

सी अन्वरांनी खिडकीकडे तोंड केलं. म्हणजे त्यांचीही ना नव्हती.

सिहाम पडद्यावरच्या हिरव्या खुणेकडे पाहत होती. मला वाटलं, उत्तर द्यायला येईल चालत, नेहमीसारखी. आली.

"सगळे तिचं नाव घेतात तेव्हा पुढे म्हणतात, अल्लाह तिच्यावर दया करो," ती म्हणाली. "तूही म्हणतोस. खाल्ती म्हणते. मी पण म्हणते. ते एक यंत्र म्हणत नाही. ते म्हणतं, सकाळ शुभ असो."

बद्रने मान खाली घातली.

"तू घड्याळ नीट केलंस," ती पुढे म्हणाली, "तर नीट झालं का ते परत कोण बघणार? ती? आठला वाजला तरी मी दाबणार. नऊला वाजला तरी दाबणार. यंत्र मला भलत्याच नावाने हाक मारेल तरी दाबणार. फेल होऊच शकत नाही ती टेस्ट कसली, बद्र? ती नुसती हिरवी खूण आहे."

मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला लागली. मी शेजारून पाहत होते. पहिला बग घड्याळाचा. फार लागते, लगेच काढा. त्याखाली तिने दुसरा लिहिला. काय केलं: मृत पेशंटच्या नंबरवर सकाळचा फोन गेला. काय व्हायला हवं होतं: कुणी उचलू नये. काय झालं: उचलला.

चूक कुणाची, या जागी तिने लिहिलं: टेस्टर.

सी अन्वर वाचायला आले. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. "यादीतून नाव मी काढतो," ते म्हणाले. "तू नको."

"मीच घातलं होतं," ती म्हणाली. आणि काढलं. एक बटण दाबावं लागतं, मग यंत्र विचारतं, नक्की का? मग आणखी एक.

"तो जुना बगही बंद करून टाकू?" सी अन्वरांनी विचारलं. बरं वाटावं म्हणून विचारलं असेल. "एक दाबलं म्हणजे गोळी घेतली असं नाही, तो. तक्रार करणारी व्यक्ती आता..."

"तो नाही," सिहाम म्हणाली. पहिल्यांदाच पटकन. "तो उघडा ठेवा." आणि मग, त्या सपाट आवाजात, "तो मला कधीच तपासता येणार नाही. तुम्हाला येईल."

तिच्या आईने शेवटच्या दिवसांत गोळ्या घेतल्या की नुसतं एक दाबलं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. पडद्यावर सगळं हिरवं होतं. घरातल्या गोळ्यांच्या डब्यात सिहामने डोकावलं की नाही, तेही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. या गोष्टीत मी बऱ्याच ठिकाणी विचारलं नाही, असं आता सांगताना दिसतं.

"लल्ला बतूलच्या जागी कुणीतरी लागेल," सिहाम म्हणाली. "जिवंत. आणि कटकट्या."

मग बद्र म्हणाला, "माझी आजी आहे. अजान झाली तरी ती म्हणते, आज मुअज्जिनला उशीर झाला."

"नंबर दे," सिहाम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. मीही लवकर गेले, उगाच. तिने बटणांचा फोन टेबलावर ठेवला, पुरता चार्ज केलेला. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. फोन वाजला नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली. आठ वाजून गेले. बाहेर ट्राम आली, गेली. तेवढ्यात बद्रचा फोन वाजला. त्याची आजी ओरडत होती, मी केस विंचरत असताना फोन करणारी ही कोण बया, आणि पाठीशी कुत्रं लागल्यासारखं काय बोलते! बद्रने भीतभीत सिहामकडे पाहिलं.

"वेळ बरोबर," ती म्हणाली. "वेग अजून जास्तच आहे. लिहून घे."

मग तिने आपल्या कालच्या बगापुढे लिहिलं. काय केलं: यादीतून नाव काढलं. काय व्हायला हवं होतं: फोन वाजू नये. काय झालं: वाजला नाही. पास.

हिरवी खूण आली. तिने फोन बंद करून पिशवीत ठेवला. रडली का, म्हणाल, तर नाही. पण पिशवी टेबलाखाली ठेवायच्या ऐवजी तिने मांडीवर घेतली आणि दुपारपर्यंत तशीच धरून काम केलं.

आता नफ्फारच्या गोष्टीचा राहिलेला भाग. सी तिहामींनी पुढे गायलं होतं ते असं: "अरे नफ्फारा, तू मेलेलीच्या दारी फुंकत उभा राहिलास, तेवढ्यात पुढच्या दारातली जिवंत म्हातारी झोपून राहिली, आणि पहाट झाली, आणि ती उपाशीच उपासाला लागली." हे मी सिहामला सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. गरज उरली नव्हती.

गुरुवारी सोय सुरू झाली. आज आमच्या शहरात कितीतरी घरांत सकाळी आठला फोन वाजतो, यंत्रातली मुलगी लल्ला म्हणते, सी म्हणते. ती आदबीने का बोलते, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

झाला बघा, चहा मुरला. उठण्याआधी माझं एक मागणं आहे. सिहामच्या आईचं नाव आता यंत्र घेत नाही, म्हणून तुम्ही घ्या. सकाळी आठच्या सुमाराला कुठे फोन वाजला की क्षणभर तिची आठवण करा, तिच्यासाठी एक फातिहा म्हणा. आणि नुसतं बतूल म्हणू नका हं, तिला चालायचं नाही. लल्ला बतूल म्हणा.